फियाटचे मागचे पाटे काढावेत का?

आमच्याकडे १९७० ची फियाट ११०० डिलाईट आहे. अब्बांनी ती सेकंडहँड घेतली आणि आम्ही सगळी भावंडे तिच्यावरच गाडी चालवायला शिकलो. तिचे मागचे पाटे काढून कॉईल स्प्रिंग बसवायचे की नाही, यावरून गेले काही महिने घरात दोन तट पडले होते. वडिलांची किंवा आजोबांची जुनी गाडी अजून दारात उभी असलेली घरे आपल्या वाचकांतही आहेत, म्हणून आम्ही काय पाहिले आणि काय ठरवले ते लिहीत आहोत.

तक्रार दादीमाँची होती. त्यांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागते. मागच्या सीटवर बसले की प्रत्येक खड्ड्याला कमरेत कळ येते. "पाटे असोत नाहीतर स्प्रिंग, माझी कंबर सांभाळा म्हणजे झालं," एवढेच त्यांचे म्हणणे. धाकट्या भावाने उपाय शोधून आणला. याच प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई ही गाडी काढली होती. तिचे इंजिनही मागची चाके फिरवते, पण मागे पाट्यांऐवजी कॉईल स्प्रिंग आहेत. तिचा एक्सल भंगारात मिळत होता. अब्बांना हे मुळीच पटले नाही. आमच्यातले बाकीचे कधी इकडे, कधी तिकडे.

भावाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आपल्या फियाटला पुढे कॉईल स्प्रिंगच आहेत, मग मागे का नकोत? पण पाटा एक नाही, दोन कामे करतो. तो गाडीचा भार उचलतो आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. एक्सल पुढे-मागे सरकू नये, ब्रेक दाबल्यावर पिळू नये, वळणावर बाजूला जाऊ नये, हे सगळे पाटेच पाहतात. कॉईल स्प्रिंग फक्त भार उचलते. म्हणून ती बसवली की एक्सल धरायला वेगळे दांडे लागतात, लांबीच्या दिशेने आणि आडवाही एक. ते दांडे गाडीला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर बसतात.

खरा धोका त्या वेल्डिंगमध्ये आहे. या फियाटला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. कंपनीने पाट्याचा भार पुढच्या हँगरवर आणि मागच्या शॅकलवर असा वाटून दिला आहे आणि तेवढ्याच जागा मजबूत केल्या आहेत. कॉईल स्प्रिंगचा सगळा भार मधल्या पत्र्यावर येतो. तो पत्रा या कामासाठी बनलेलाच नाही, त्यात पन्नासहून अधिक पावसाळे त्याने खाल्लेले. कोकणच्या हवेत पत्रा आतून कसा होतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको. उद्या एखादे ब्रॅकेट सुटले तर एक्सल तिरका होईल, आणि तोही आजी मागे बसलेली असताना.

एवढे करून फायदा किती? चाके, ब्रेकचे ड्रम आणि डिफरन्शियल यांचे जड ओझे दोन्ही पद्धतींत खड्ड्यात सारखेच आदळते. आराम वाढेल, पण वाटतो तितका नाही. शिवाय ११८ एनईचा एक्सल रुंद आहे. चाके मडगार्डला घासणार नाहीत ना, प्रॉपेलर शाफ्टची लांबी जुळते का, हँडब्रेकची केबल कुठून न्यायची, अशी एकातून एक कामे निघत गेली. खर्चाचा आकडा घरातल्या मुलीच्या वर्षाच्या फीजवळ पोहोचला, तेव्हा अम्मींनी वही मिटून ठेवली.

कायद्याचेही पाहिले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल गाडीत करता येत नाही. नोंदणीपत्रात स्प्रिंगचा उल्लेख नसतो, असा भावाचा मुद्दा. खरे आहे. पण चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, त्यात लिहिलेले असते आणि एक्सल बदलताना तेच हलू शकते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मात्र तशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. आम्हाला दवाखान्यात जायचे आहे, रॅलीत नाही, म्हणून तो विचार तूर्त बाजूला ठेवला. बॉडी कापली की मात्र पुढे ती वाट मिळणे अवघड.

शेवटी, आहे ती गाडी आधी नीट तपासू, असे ठरले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतले. ड्रायव्हरची बाजू तीन सेंटिमीटर खाली होती. डिकी दाबून सोडली तर गाडी तीन-चार वेळा झुलत राहिली, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर संपलेले. पाटे उतरवल्यावर मिस्त्रीचाचा हसले. "हा एक पाटा तुमचा नाहीच," म्हणाले. सामान वाहण्यासाठी कधीकाळी कुणीतरी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला होता. त्याने गाडी टणक झाली होती. उजवीकडचा दुसरा पाटा तडकलेला, पाट्यांमध्ये गंज भरून ते एकमेकांना चिकटलेले, रबरी बुश दगडासारखे. टायरमध्ये हवाही जास्त होती, आणि ती दुरुस्ती फुकटची!

जादा पाटे काढले. तडकलेला पाटा एकटा न बदलता दोन्ही बाजूंची जोडी बदलली. नाहीतर गाडी पुन्हा एका बाजूला कलते. भट्टीवाल्याकडून पाट्यांना मूळ बाक देऊन घेतला, मध्ये ग्रीस भरले, बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि यू-बोल्ट नवे घातले. मुंबईच्या फियाट टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होत्या, त्यामुळे हे सामान आणि हे काम जाणणारे हात अजून मिळतात. सगळा खर्च एक्सलच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्श्यात बसला.

असे काम करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी मिस्त्रींना आवर्जून सांगाव्यात. शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार पाट्यांवर आला की मगच आवळावेत, नाहीतर नवे बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. आणि यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. आमच्या गाडीचे परवा तपासले, तर डावीकडचा एक अर्धा फेरा आवळावा लागला.