चालकाला कैद, ठेकेदाराला दंड! हा कसला न्याय?

रस्त्यावर माणूस मेला की दुसऱ्याच दिवशी एक आरोळी उठते : चालकाला तुरुंगात घाला, आणि किती काळ घालावयाचे हे न्यायाधीशावर सोपवू नका, कायद्यानेच किमान शिक्षा बांधून टाका! या आरोळीमागचा संताप खोटा नाही. २०२२ या एकाच वर्षी या देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. परंतु संताप म्हणजे न्याय नव्हे. सरसकट सक्तीची कैद हा उपाय दिसावयास कठोर असला, तरी तो चाकावर ज्याचा हात त्यालाच पकडतो आणि ज्याने ते चाक फिरावयास लावले त्याला मोकळे सोडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धम्माच्या पाक्षिकात मोटारीची चर्चा कशाला, असे नवदीक्षित बंधुभगिनींनी विचारू नये. आपल्याच वस्तीत पाहा. टेम्पो, ट्रक, उसाचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या मालकीचा आणि त्यावर हात आपल्या मुलाचा, अशी घरे कमी नाहीत. आणि पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारी, सडकेच्या कामावर खडी टाकणारी, पदपथावर निजणारी माणसेही आपलीच आहेत. चिरडणारा आपला आणि चिरडला जाणाराही आपला; म्हणून एकाची कड घेऊन दुसऱ्याकडे पाठ फिरविणे आपल्याला शोभणार नाही.

प्रथम कायदा पाहू. १८७० साली भारतीय दंड संहितेत घातलेले कलम ३०४-अ हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगत असे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले. मुदत पाच वर्षांपर्यंत वाढली, हे सर्वांनी वाचले; परंतु ‘किंवा’ हा शब्द गेला, हे फार थोड्यांनी पाहिले. आता कैद द्यावीच लागते आणि दंड तिच्या जोडीला येतो. किमान मुदत मात्र ठरविलेली नाही, एवढाच न्यायाधीशाच्या विवेकाला वाव उरला आहे. तोही बुजवावा अशी ही मागणी आहे!

त्याच कलमात पुढे असे आहे की, नोंदणीकृत वैद्याच्या हातून उपचार करताना हयगयीने मृत्यू घडला, तर कमाल शिक्षा दोनच वर्षे. वैद्याला ही सवलत का, हे आम्हांस समजते. भयाने त्याचा हात थरथरू लागला तर रोग्याचेच नुकसान होईल. परंतु तुरुंगाचे भय ट्रकचालकालाही आहेच की! आणि रस्ता बांधणाऱ्याचे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १९८-अ सांगते की, रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल सदोष ठेवल्यामुळे कोणी मेले, तर संबंधित अधिकारी वा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. कैद नाही! माणूस तोच, मरण तेच. चालकाला पाच वर्षे, वैद्याला दोन, ठेकेदाराला पैशांत सुटका. अपराध एक आणि शिक्षा वर्णागणिक वेगळी, हे ज्या मनुस्मृतीचे तत्त्व, ती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. आजचा कायदा जात विचारीत नाही, हे खरे. परंतु शिक्षेची उतरंड लावण्याची खोड गेली आहे, असे कोणी म्हणावे?

आता धम्म काय सांगतो ते पाहा. अंध झालेल्या चक्खुपाल थेरांच्या पायांखाली पावसानंतर बाहेर आलेले किडे मेले, तेव्हा इतर भिक्षूंनी तक्रार केली. तथागतांनी विचारले ते मारण्याच्या हेतूविषयी, आणि हेतू नव्हता म्हणून दोष दिला नाही. कर्माचे मूळ चेतनेत आहे, ही बुद्धाची शिकवण. पण म्हणून हयगय क्षम्य आहे, असा अर्थ कोणी काढू नये. पंचशीलातील पाचवे शील मद्याला प्रमादाचे स्थान म्हणते, आणि कायदा ज्याला हयगय म्हणतो तोच प्रमाद होय. दारू पिऊन चाकावर बसणारा अजाण नाही. त्याने प्रमाद जाणून पत्करलेला असतो. त्याला कैद व्हावी, कठोर व्हावी. परंतु दोन रात्री जागलेला मजूर आणि मद्यधुंद विलासी यांना एकाच मापाने मोजणे, हे धम्मालाही मान्य नाही व न्यायालाही नाही.

प्रस्तुत लेखकाने चालविलेला, जुन्या कायद्याच्या काळातील एक खटला सांगतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रात्री सडकेवर बंद पडला. मागे दिवा नव्हता, चमकपट्टी नव्हती. कामावरून परतणारा एक मजूर दुचाकीसह त्यावर आदळून जागीच गेला. चालक दोन रात्री फड आणि कारखाना यांमध्ये खेपा घालीत होता. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले होते, हे त्याच्या कानांवरही नव्हते. मालकाचे नाव आरोपपत्रात होते, पण ते साक्षीदारांच्या यादीत! तो न्यायालयात एकदाच आला. ट्रॅक्टर सुपूर्तनाम्यावर सोडवून नेण्यासाठी. चालकाला जामीन राहावयास कोणी नव्हते. मृताच्या पत्नीने न्यायालयाबाहेर विचारले, “दिवा कुणी लावायचा होता, साहेब?” दंडाधिकाऱ्यांनी सारे ऐकून चालकाला दंड केला व तिला भरपाई देवविली. नव्या कलमाखाली त्यांना दंडावर थांबता आले नसते, आणि तिच्या प्रश्नाला उत्तर तरीही मिळाले नसते.

यावर आक्षेप येतो की, न्यायाधीशाच्या विवेकाचा लाभ श्रीमंतच उठवितात. आक्षेप वजनदार आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि चाकावरील अल्पवयीन मुलाला अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. देशाला संताप आला, तो योग्यच होता. परंतु त्याच प्रकरणात पोलिसांनी पुढे कोणते आरोप ठेवले? रक्ताचा नमुना बदलल्याचा, आणि घरच्या पगारी चालकाला डांबून गुन्हा अंगावर घ्यावयास भाग पाडू पाहिल्याचा. हे सारे शिक्षेच्या कितीतरी आधीचे. न्यायाधीशाचा हात बांधला की सौद्याची जागा न्यायालयातून पोलीस ठाण्यात सरकते, आणि चाकावर कोण होते हेच विकत घेतले जाते. सक्तीची कैद जितकी मोठी, तितका गरीब चालकाच्या गळ्यात ती अडकविण्याचा मोह मोठा.

उलट, विवेक शिक्षा वाढवूही शकतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रस्त्यावर पदपथावर झोपलेल्या श्रमिकांवर मोटार गेली; सात ठार झाले, आठ जखमी. खालच्या न्यायालयाने सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने मद्य व वेग यांचा विचार करून गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरविला आणि तीन वर्षे दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम केली. आणि १९८३ साली मिठू खटल्यात त्याच न्यायालयाने जन्मठेपेच्या कैद्याला सक्तीची फाशी सांगणारे कलम ३०३ रद्द केले. परिस्थिती न पाहता शिक्षा बांधणे हे संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांविरुद्ध आहे, असे सांगितले. बाबासाहेबांनी दिलेल्या या आधारावर आपण ठाम उभे राहिले पाहिजे.

म्हणून आमची मागणी अशी : कलम १०६ मध्ये ‘किंवा’ परत आणा, आणि शिक्षा कमी वा अधिक का, याची कारणे लेखी देण्याचे बंधन न्यायाधीशावर घाला. दिवे नसलेली गाडी वा झोप नसलेला चालक रस्त्यावर पाठविणाऱ्या मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात आणा. ठेकेदाराची सुटका एक लाखात होऊ देऊ नका. मृताच्या कुटुंबाची भरपाई शिक्षेच्या निकालासाठी अडवून ठेवू नका.

आणि बांधवांनो, दोन गोष्टी आपल्याही हाती आहेत. पाचवे शील केवळ विहारात म्हणण्यासाठी नाही. ते चाकावर पाळावयाचे आहे. तसेच मालक कितीही पैसे देवो, दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण आपण डोक्यावर वाहिली. आता त्यांचा तुरुंगही वाहावयाचा काय? जय भीम!