सुवर्णकमळ दिल्लीत, पडदा कुठे?

'श्यामची आई'ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पुढे 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दिल्ली मराठी सिनेमाचा असा सन्मान करते, पण आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाला यातला एखादा चित्रपट घराजवळ, मोठ्या पडद्यावर पाहायचा असेल तर ते जमणं अवघडच. इराणी, कोरियन किंवा हंगेरियन चित्रपटांचं तर विचारायलाच नको.

एके काळी शेजारच्या चाणक्यपुरीत 'चाणक्य' होतं. १९७० मध्ये सुरू झालेलं हे चित्रपटगृह परदेशी चित्रपटांसाठी दिल्लीकरांच्या आवडीचं होतं. २००७ च्या डिसेंबरात ते बंद झालं, मग पाडलं गेलं. तिथे उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये मल्टिप्लेक्स आहे. त्याआधीच, २००४ पासून, इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दिल्ली सोडून गोव्याला गेला होता. उरल्या त्या मॅक्समुल्लर भवन, अलियाँस फ्राँसेज, हॅबिटाट सेंटर यांसारख्या संस्था. त्या मोलाचं काम करतात, पण त्या सगळ्या मध्य दिल्लीत. कामाच्या दिवशी कार्यालयातून घरी येऊन, मुलांचं आटोपून पुन्हा तिकडे जाणं किती जणांना परवडेल?

या शहरात चांगल्या सिनेमाचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी बाई होती, हे इथल्या मराठी माणसांनी अभिमानाने सांगायला हवं. विजया मुळे लग्नानंतर पाटण्याला गेल्या, १९४६ मध्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधल्या लीड्सला शिकायला गेल्या आणि तिथल्या फिल्म सोसायटीत युरोपचा सिनेमा पाहून आल्या. शिक्षण खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीत आल्यावर त्यांनी इथे फिल्म सोसायटी उभी केली. १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा अध्यक्ष सत्यजित राय होते आणि संयुक्त सचिव चिदानंद दासगुप्ता व विजया मुळे. सभासदांची वर्गणी, दूतावासांकडून मागून आणलेली रिळं आणि भाड्याचं सभागृह, एवढ्यावर ही चळवळ चालली. 'एक अनेक और एकता' हा दूरदर्शनवरचा लाडका अॅनिमेशनपट बनवणाऱ्या त्याच या मुळे. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांना जे जमवावं लागलं, त्यातलं बरंच आर. के. पुरमच्या दारात आहे. दूतावास शेजारी आहेत. दिल्ली तमिळ संगम आणि दिल्ली कर्नाटक संघ, दोन्ही इथेच, आणि दोघांकडे सभागृहं आहेत. मराठी मंडळांनी या दोन संस्थांशी बोलून महिन्यातली एक ठरलेली संध्याकाळ मागून घ्यावी. एकदा कन्नड, एकदा मराठी, एकदा तमिळ, एकदा परदेशी चित्रपट, सबटायटल्ससह. हक्क रीतसर विकत घ्यावेत, तिकीट स्वस्त ठेवावं आणि तारीख काही झालं तरी बदलू नये. प्रेक्षक सवयीने घडतो. महोत्सव वर्षातले मोजके दिवस गजबजतो आणि मग वर्षभर काहीच नाही, अशाने ती सवय लागत नाही.

आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग सभागृह कशाला, असं विचारलं जाईल. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आहे, हे खरंच. पण त्याच्याच 'कोर्ट'मध्ये कॅमेरा न हलता न्यायालयाच्या खोलीकडे पाहत राहतो, आणि लोकशाहीर नारायण कांबळेवरचा खटला ज्या रटाळपणे पुढे सरकतो, तो रटाळपणाच चित्रपटाचा विषय आहे. हातातल्या पडद्यावर बोट आपसूक पुढे सरकतं. अंधारात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसलं की तो संथपणा अंगावर येतो. मग सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी? रोहन कानवडेच्या मराठी 'साबर बोंडं'ने २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला. आर. के. पुरममधल्या अशा पहिल्या संध्याकाळी हाच चित्रपट दाखवावा, आणि निमंत्रण तमिळ व कन्नड शेजाऱ्यांनाही द्यावं.