नोटीस गेटवर, बोजा बांधावर



कामगार कपात हा युनियनचा प्रश्न, आपला नव्हे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : कपात झालेला माणूस जातो कुठे? १९८२ च्या संपानंतर मुंबईचे हजारो गिरणी कामगार कोकणात, साताऱ्यात परतले. मनीऑर्डर थांबली आणि तेवढ्याच जमिनीवर खाणारी तोंडे वाढली. आज एमआयडीसीत पाळी करणारी पोरेही आपलीच आहेत.

कायदा काय म्हणतो? कपातीपूर्वी तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी हवी, ही अट १९७६ साली ३०० कामगारांच्या कारखान्यांना होती. पुढे ती १०० वर आली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने ती पुन्हा ३०० वर नेली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. २९९ कामगार असतील तर एक महिन्याची नोटीस पुरे. महिन्याचा पगार हातावर ठेवला तर तीही नको! हंगामी कारखान्यांना तर परवानगीची अटच नाही. मुदतीच्या करारावरच्या पोराची मुदत संपली, की ती कपात धरलीच जात नाही.

सोसायटीचे कर्ज, खरिपाचे बियाणे या पगाराच्या भरवशावर ठरते. म्हणून आमची मागणी : अट पुन्हा १०० वर आणा, कंत्राटी कामगार त्यात धरा, आणि सरकारला जाणारी कपातीची नोटीस कामगाराच्या गावच्या चावडीवरही लावा.

जिल्हा बैठकीत हा ठराव झालाच पाहिजे!