हरमलला जाऊन काय करावे?

दरवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी एक प्रवासलेख लिहवून घेतो. नांदेड-लातूरकडच्या मुलाचा प्रवास म्हणजे पूर्वी तुळजापूर, माहूर, पंढरपूर, फार तर मामाचे गाव. अलीकडे त्यात गोवा आला आहे. पाच-सहा जण मिळून गाडी ठरवतात, रात्रभर आळीपाळीने जागत सोलापूर-कोल्हापूर मागे टाकतात आणि आंबोलीचा घाट उतरून सकाळी समुद्रासमोर उभे राहतात. ज्यांच्या तीन पिढ्यांना गोदावरी-मांजरेपलीकडचे पाणी ठाऊक नव्हते, त्यांनी समुद्र पाहावा याचा मला आनंदच आहे. गेल्या खेपेला नऊ जणांनी हरमलवर लिहिले. त्यांपैकी आठ लेखांची कुंडली मथळ्यासकट एकच होती: ‘अरंबोलमध्ये करायलाच हव्यात अशा १० गोष्टी’.

सर्फिंग शिका. सूर्यास्त अनुभवा. गोड्या पाण्याच्या तळ्यात डुंबा. ढोलांच्या तालावर थिरका. स्थानिक चवी चाखा. गर्दीपासून दूर हरवून जा. मी वर्गात विचारले, सर्फिंगच्या फळीवर किती जण उभे राहिले? एकही नाही. शिकवणीचे पैसे ऐकून सगळे मागे फिरले होते. मग सर्फिंग पहिल्या क्रमांकावर कसे? ‘सर, सगळीकडे तसंच असतं.’ या उत्तरात कसलाही अपराधभाव नव्हता आणि तो असावा अशी माझी अपेक्षाही नाही. मुले समोर ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम लिहितात. प्रश्न नमुना कोण ठेवतो हा आहे.

तो आता आपणच ठेवणार, अशी चिन्हे आहेत. मराठीचेच प्राध्यापक असलेल्या माझ्या एका स्नेह्यांचा आग्रह आहे की उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत ‘पर्यटनलेखन’ हा घटक घ्यावा आणि त्यात ही यादी आदर्श म्हणून शिकवावी. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. मुलांना पोट आहे, बाजारात अशा मजकुराला मागणी आहे, ‘तुमच्या गोडसे भटजींना आज पगार कोण देणार?’ हा युक्तिवाद मराठी विभागांतून इतक्या वेळा ऐकू येतो आणि त्यापुढे आपण इतक्या लवकर नरमतो, की त्याला एकदा उत्तर दिलेच पाहिजे.

आधी गोडसे भटजींचेच पाहू. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते पैशासाठीच. घरात कर्ज होते आणि उत्तरेत शिंद्यांच्या बायजाबाईंच्या यज्ञात चांगली दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. म्हणजे त्यांच्याही हाती ‘करण्यासारखी गोष्ट’ होती आणि ती फार व्यवहारी होती. वाटेत १८५७ आडवे आले. यज्ञ राहिला बाजूला, भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले आणि जे वाचले-भोगले ते पुढे कागदावर उतरले. १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाले. ठरवलेले काम फसल्यावर जे दिसते त्याचे ते पुस्तक आहे. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या. वारीत काय काय पाहावे हे सांगण्यासाठी त्यांनी ‘वाटचाल’ लिहिला नाही. एकाच माउलीची लेकरे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांना सलले म्हणून तो लेख आजही वाचवतो. यादीला असे काही सलू शकत नाही, कारण प्रवासी घरातून निघण्यापूर्वीच ती पूर्ण झालेली असते.

पोटाचा मुद्दा तर आता त्याच्या पुरस्कर्त्यांच्याच अंगावर उलटला आहे. असली यादी आज यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लिहून देते, तीही आमच्या आठ विद्यार्थ्यांच्या यादीइतकीच गुळगुळीत. जे काम यंत्र फुकटात करते त्याचे कौशल्य म्हणून प्रमाणपत्र वाटणे ही मुलांची फसवणूक आहे.

या यादीचे व्याकरण एकदा तपासण्याजोगे आहे. जुन्या मार्गदर्शिका ‘प्रेक्षणीय स्थळे’ सांगत. त्या शब्दात रुक्षपणा होता, परंतु स्थळ नावाचे काहीतरी प्रेक्षकाच्या आधीपासून तेथे आहे याची कबुलीही होती. ‘करण्यासारख्या गोष्टी’मध्ये स्थळ उरतच नाही. उरते ती आज्ञार्थी क्रियापदांची माळ: शिका, चाखा, थिरका, अनुभवा. कर्ता सदैव वाचक, आणि बाकी सारे त्याचे कर्म. गावातील माणसे येतात ती ‘स्थानिक’ या विशेषणातून. स्थानिक चवी, स्थानिक कला, स्थानिकांचे हसरे चेहरे. हरमलच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या माणसाला या व्याकरणात कर्तृपद मिळण्याची सोयच नाही. (‘अनुभवा’ या आज्ञार्थाबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल. अनुभव हुकमाने घेता येतो, असा शोध मराठीने नेमका कधी लावला?)

आणि नावे! पेडणे तालुका अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. त्याआधी आणि त्यानंतरही त्याची बोली, दशावतार, देवळांतले उत्सव हे सारे अलीकडच्या सिंधुदुर्गाशी नाते सांगणारे. हरमल, मांद्रे, मोरजी, आश्वे, पेडणे ही नावे मराठीला शेकडो वर्षे ठाऊक आहेत. आमचा विद्यार्थी लिहितो अरंबोल, मँड्रेम, मोरजिम, पर्नेम. पोर्तुगिजांनी कानाने ऐकून रोमन लिपीत जे बसवले ते डोळ्याने वाचून तो परत देवनागरीत आणतो. शेजाऱ्याचे नाव त्याला घरात माहीत होते, ते परक्याच्या पाटीवरून वाचून त्याने बिघडवले. भाषाविभागाला यात काहीच वावगे वाटत नसेल, तर उपयोजित काय नि अनुपयोजित काय, दोन्ही बंद केलेले बरे.

माझे स्नेही म्हणतील, तुम्हाला मुलांची मौज खुपते. मराठवाड्यातल्यांनी दुष्काळावरच लिहीत राहायचे काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. आमच्याकडून नेहमी टाहोच मागितला जातो, आणि लातूरच्या पोराला लाटेवर उभे राहावेसे वाटले तर त्याची कारणे शहरी समीक्षकांपुढे मांडण्याची त्याला गरज नाही. पण मौजेचा वैरी कोण? हवाईत लाटेवर स्वार होणे ही राजापासून कोळ्यापर्यंत साऱ्यांची कला होती. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिच्याकडे नाक मुरडले आणि विसाव्याच्या आरंभी ड्यूक कहानामोकूसारख्या हवाईयन पोहणाऱ्यांनी ती जगापुढे नेली. मार्क ट्वेन तेथे गेला, त्याने फळी घेतली. फळी किनाऱ्याला लागली, स्वार तळाला गेला, आणि १८७२च्या ‘रफिंग इट’मध्ये त्याने ही फजिती नोंदवली. मौज ही अशी असते. तिला अंग लागते, खारे पाणी नाकात जावे लागते. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये कोळ्यांचीच मुले सर्फिंग करू लागली आणि आता ती इतरांना शिकवतात. तेथे लाट कोणती चांगली हे ठरवणारा माणूस त्याच वाळूत वाढलेला आहे. आमच्या आठ लेखांत मौज आढळली असती तर मी आठही डोक्यावर घेतले असते. त्यांत होती ती मौजेची हजेरीपट्टी.

बरे, उपयुक्तता? एस. टी.च्या वेळापत्रकाबद्दल मला अतोनात आदर आहे. वेळापत्रक खोटे बोलत नाही, निदान छापताना तरी. समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्राकडे पाठवणारा मजकूर उपयुक्त असेल, तर त्याने पहिल्या ओळीत काय सांगावे? पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरू नये. फळीवर शिकाऊ माणसाने उभे राहण्याजोग्या लहान लाटा ऑक्टोबरनंतरच्या. तांबडा बावटा म्हणजे पाण्यात जाऊ नका. तांबड्या-पिवळ्या दोन बावट्यांच्या मधल्या पट्ट्यात जीवरक्षकाची नजर असते. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहावे. आठांपैकी एकाही यादीत यातले अक्षर नव्हते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. गुडघाभर विहिरीच्या पाण्याला घाबरणारी आमची मुले समुद्राला घाबरत नाहीत, कारण त्यांनी तो फक्त छायाचित्रांत पाहिला आहे. आणि यादी ही त्या छायाचित्राखालची ओळ.

आता नववी वही. ही लातूर तालुक्यातल्या एका खेड्यातील मुलाची. मथळा नव्हता, शुद्धलेखन यथातथा. हरमलला पहिल्या पहाटे चारच्या सुमारास त्याला जाग आली, कारण गल्लीत टँकर मागे घेतल्याचा आवाज आला. तो अंथरुणातून उठून उभा राहिला आणि अंधारात घागर शोधू लागला. मित्र हसले. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी, तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. त्या उन्हाळ्यात टँकरचा आवाज म्हणजे घरातल्या प्रत्येकाने उठणे, एवढे त्याच्या अंगात मुरलेले. हरमलला तो खाली उतरला. चालकाशी बोलला. पाणी आतल्या बाजूच्या एका गावातील विहिरीचे, टँकर दहा हजार लिटरचा, उतरायचा तो तीन विश्रामगृहांच्या टाक्यांत. दुपारी सर्फिंगवाल्यांच्या नळाशी उभे राहून त्याने पाहिले, की अंगावरचे आणि फळीवरचे खारे पाणी धुवायला एकेका पर्यटकाला साधारण दोन घागरी लागतात. त्याने निषेध केलेला नाही. उलट, ‘मलाही अंग चिकट लागत होते, मीही धुतले,’ असे लिहिले आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरी बेसुमार उपसल्या की समुद्राचे खारे पाणी आत शिरते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने फक्त विश्रामगृहाच्या मागल्या विहिरीचे पाणी तोंडात घेऊन पाहिले आणि थुंकले, एवढे नोंदवले. त्यानंतर दीड पान समुद्रावर आहे. इतके पाणी आणि त्याला पहारा नाही, कुलूप नाही, रांग नाही, याचे त्याला वाटलेले नवल त्या दीड पानात तीनदा आले आहे.

हे दुष्काळावरचे लेखन आहे असे मी म्हणणार नाही. ते हरमलवरचे लेखन आहे, आणि ते फक्त लातूरहून गेलेला मुलगाच लिहू शकला असता. यादी जे पुसते ते नेमके हे: कोण आले, कोठून आले. ती लिहिणारा मुंबईचा असो, मॉस्कोचा असो, उदगीरचा असो, दहा गोष्टी त्याच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्याच गावाच्या याद्या वाचाव्यात. लातुरात करण्यासारख्या गोष्टी: गंजगोलाईत खरेदी, खरोसा लेणी, औशाचा नि उदगीरचा किल्ला. सोळा रस्ते जेथे मिळतात त्या गोलाईत खरेदी खुशाल करावी. पण तुरीचे नि सोयाबीनचे भाव कोसळले की या शहराचा चेहरा कसा पडतो, शिकवणीसाठी आलेल्या परगावच्या मुलांच्या डब्यांवर किती घरे चालतात, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर किल्लारीच्या बाजूला जुनी गावठाणे आणि नवी गावे अशी दोन-दोन गावे एकाच नावाने का आहेत, यातले काय त्या यादीत आहे? नांदेडची यादी गुरुद्वारा, कंधारचा किल्ला आणि सहस्रकुंडाचा धबधबा सांगून मोकळी होते. वाचताना आपल्याला हसू येते. हरमलच्या माणसाने आमच्या आठ वह्या वाचल्या तर त्यालाही ते येईल, आणि तो सभ्य असेल तर दाखवणार नाही.

नरहर कुरुंदकर ज्या नांदेडात शिकवत होते तेथल्या मराठीच्या वर्गात या याद्या आदर्श म्हणून फळ्यावर लिहिल्या जाव्यात, हे मला मान्य नाही, आणि अभ्यासमंडळापुढे विषय येईल तेव्हा मी विरोधात लिहून देणार आहे. पर्यटनलेखनाचा घटक अवश्य घ्या. त्यात वेळापत्रक शिकवा, बावट्यांचे रंग शिकवा, गावांची नावे नीट लिहायला शिकवा. नमुना म्हणून ती नववी वही मी द्यायला तयार आहे. मुलाची परवानगी घेतली आहे. त्याने एकच अट घातली, की शुद्धलेखनाच्या चुका आधी मी दुरुस्त कराव्यात. मी त्या अजून केलेल्या नाहीत.