विकत घेतलेल्या तबकडीची प्रत

यवतमाळ जिल्ह्याला परिचित असलेल्या एका जुन्या कुलपाची येथे आठवण होते. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनी ते वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले. ते ग्रंथ इतकी शतके टिकले ते मात्र कुलपामुळे नव्हे. मठामठांतून त्यांच्या नकला होत राहिल्या म्हणून.

आजची डीव्हीडी हेही असेच कुलूपबंद पुस्तक आहे. नक्कल होऊ नये म्हणून अनेक चित्रपटांच्या तबकड्यांवर सांकेतिक कुलूप घातलेले असते. जुनी मराठी नाटके व चित्रपट पदरमोड करून जमविणारे शिक्षक-कारकून वणी-पुसदकडेही असतील. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये बसविलेला धातूचा पातळ मुलामा विदर्भाच्या उन्हाळ्यात किती वर्षे तग धरणार? नव्या संगणकांतून तबकडीचा खणही नाहीसा होत आहे. अशा वेळी स्वतःच्या तबकडीची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवणे हा गुन्हा ठरतो काय?

२०१२ साली प्रताधिकार कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. येथे 'हेतू' हा शब्द मोलाचा आहे. त्याच वर्षी खाजगी उपयोगासाठी रास्त वापराची सवलत चित्रपटांनाही लागू झाली. तेव्हा प्रामाणिक ग्राहकाच्या बाजूने बरेच काही बोलता येते. तथापि संगणकाच्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवण्यास कायद्याने स्पष्ट शब्दांत मुभा दिली आहे, तशी चित्रपटाला दिलेली नाही. शिवाय कुलूप उघडण्यास दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी, अशी अट आहे. कोपऱ्यावरचा संगणक-दुरुस्तीवाला ही वही ठेवील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल.

सार्वजनिक ग्रंथालयांची अडचण याहून मोठी आहे. ज्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयापाशी आहे, तिचीच डिजिटल प्रत जतनासाठी ठेवण्याची सवलत त्यांना मिळाली आहे. म्हणजे कपाटातले जीर्ण पुस्तक वाचविता येईल. पण शेजारची डीव्हीडी मुळातच डिजिटल, म्हणून तिला या सवलतीचा आधार नाही!

निर्मात्यांची भीती अनाठायी नाही. चोरट्या प्रतींच्या धंद्याने त्यांचे नुकसान झाले आहे आणि त्या धंद्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु विक्रीसाठी शंभर प्रती काढणारा आणि आपल्या एका तबकडीची एक प्रत जपणारा यांना एकाच संशयाखाली ठेवणे न्यायाचे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुनी रिळे जळाली. ज्याची दुसरी प्रत नसते ते एका दिवसात नाहीसे होते, हा त्या आगीचा धडा आहे.

संसदेला फार काही करावयाचे नाही. विकत घेतलेल्या तबकडीची एक राखीव प्रत ग्राहकाला व ग्रंथालयाला ठेवता येईल, एवढे एक निःसंदिग्ध वाक्य कायद्यात घालावे. कुलूप चोरासाठी असते. घरधन्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे.