कामाइशीचा संघ यंदा वर जाणार का?

कामाइशीतल्या त्या लहानशा खाणावळीत आम्ही शिरलो तेव्हा भांडण निम्म्यावर आले होते. निदान मला तरी ते भांडण वाटले. ऐंशीच्या घरातले एक आजोबा हातातल्या काड्यांनी टेबलावर टकटक करीत काहीतरी बजावत होते. समोरचा तिशीचा तरुण ठाम नकारार्थी मान हलवीत होता. आणि शेगडीपाशी उभ्या असलेल्या मालकीणबाई पाठमोऱ्या राहूनच दोघांनाही एकेक ठेवून देत होत्या. मी भाच्याच्या कानाशी लागलो, "अरे, दुसरीकडे जाऊ या का? इथे काही बिनसलेले दिसते."

"नाही हो मामा, बसा," तो हसून म्हणाला. "रग्बी चाललंय."

ही गोष्ट २०२३ च्या नोव्हेंबरातली. भाचा सेंडाईला नोकरीला असतो. चार दिवस मामाला हिंडवून आणतो म्हणाला, तेव्हा मी आपला देवळे, बागा, लाल पाने पडलेल्या वाटा असले काही मनात धरून बसलो होतो. त्याने नेले ते पोलादाच्या गावाला. कारण विचारले तर म्हणाला, "देवळे काय, कुणीही दाखवील."

कामाइशी हे जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचे, इवाते प्रांतातले गाव. मागे डोंगर, पुढे प्रशांत महासागर, आणि दोहोंच्या चिमटीत वस्ती. याच डोंगरांत १८५७ साली ओशिमा ताकातो या गृहस्थांनी पाश्चात्त्य धर्तीची झोतभट्टी उभारून लोखंड काढले. जपानच्या आधुनिक लोखंडाचा श्रीगणेशा तिथला. पुढे मोठा कारखाना झाला. १९४५ साली युद्धनौकांनी जुलैत एकदा आणि ऑगस्टात पुन्हा एकदा तोफा डागून तो उद्ध्वस्त केला. तो पुन्हा उभा राहिला. १९६३ साली गावाची वस्ती ब्याण्णव हजारांवर गेली होती. २०२० च्या शिरगणतीत ती बत्तीस हजार भरली. हे दोन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढच्या सगळ्या वादाच्या बुडाशी तेच आहेत.

आम्ही बसलो आणि बाईंनी दोन वाडगे समोर ठेवले. मागितल्यापासून पुरती पाच मिनिटेही झाली नसतील. कामाइशीच्या शेवया केसासारख्या बारीक असतात. पाळी सुटलेल्या कामगारांना ताटकळायला वेळ नसायचा, झटपट शिजाव्यात म्हणून त्या इतक्या बारीक केल्या, असे तिथे सांगतात. कारखान्याने गावाला काय दिले याची यादी कुणी केली तर ही शेवई तीत अवश्य घालावी.

दुसरी देणगी रग्बीची. हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पंधरा गडी एका बाजूला, पंधरा दुसऱ्या बाजूला. लांबोळका चेंडू छातीशी धरून समोरच्या रेषेपलीकडे जाऊन टेकवायचा. पण हाताने चेंडू पुढच्या गड्याकडे फेकायला सक्त मनाई. द्यायचा तो मागच्यालाच. पळायचे पुढे आणि द्यायचे मागे. बाकी धरपकड, लोटालोटी आणि चिखल.

या गावच्या कारखान्याच्या संघाने १९७९ ते १९८५ अशी सलग सात वर्षे जपानचे अजिंक्यपद राखले. अंतिम सामना दर वर्षी १५ जानेवारीला टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये व्हायचा. एका बाजूला कंपन्यांमधला विजेता संघ, दुसऱ्या बाजूला विद्यापीठांमधला. तो वयात आलेल्या तरुण-तरुणींचा सणाचा दिवस, त्यामुळे प्रेक्षकांत भरजरी किमोनो घातलेल्या मुली बसलेल्या असत, आणि त्यांच्यामधून कामाइशीची मंडळी कोळ्यांचे रंगीत झेंडे फडकावीत. बोट भरपूर मासळी घेऊन बंदरात शिरताना जो झेंडा लावते, तोच हा. संघाचे नाव पडले होते 'उत्तरेचे लोहपुरुष'. लोहपुरुष म्हटले की आपल्याला एक वल्लभभाई आठवतात. इथे पंधरा होते.

मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, त्या दिवसांच्या गप्पा ऐकत आम्ही मोठे झालो. त्यामुळे आजोबांची भाषा कळत नसली तरी सूर ओळखीचा होता. भाच्याला भाषा कळत होती असे म्हणावे, तर तेही अर्धेच खरे. त्याचे जपानी टोकियोच्या वळणाचे. आजोबांची बोली ऐकताना त्याची अवस्था पुणेकराची मालवणात होते तशी झाली होती. मधूनमधून तो 'असे काहीसे म्हणाले' अशी पुस्ती जोडी.

वाद असा होता. महिन्याभरात हंगाम सुरू व्हायचा होता. २०२२ साली जपानात लीग वन ही नवी स्पर्धा सुरू झाली, तीन श्रेणींची. कामाइशीला जागा मिळाली दुसऱ्या श्रेणीत, आणि या हंगामात त्या श्रेणीत सहा संघ होते. वरच्या क्रमांकांना पहिल्या श्रेणीतल्या तळाच्या संघांशी खेळून वर चढायची संधी; खाली घसरलात तर तिसऱ्या श्रेणीतले संघ तुमची जागा घ्यायला टपलेले. तर यंदा कामाइशी वर जाणार का?

तरुणाचे म्हणणे, जाऊ शकतो. मात्र पैसा काढला पाहिजे आणि बाहेरून दोन-चार दणकट गडी आणले पाहिजेत. वरच्या श्रेणीतल्या संघांमागे केवढाल्या कंपन्या उभ्या आहेत पाहा! न्यूझीलंडचे जगप्रसिद्ध खेळाडू ते आणून उभे करतात. आपण गावातल्या पोरांवर किती दिवस काढणार? आणि पोरे आहेत कुठे? शाळा संपली की सेंडाई, नाही तर टोकियो.

आजोबांचे म्हणणे, तळाला न जाता टिकलो तरी पुष्कळ. विकतच्या गड्यांनी वर गेलो तर वर गेले कोण? आमच्या वेळी बहुतेक गडी तोहोकूतल्या शाळांमधून थेट कारखान्यात आलेले. दिवसा काम आणि मग सराव. भट्टीपाशी माझ्या शेजारी उभा असलेला माणूस रविवारी मैदानात असायचा.

"आणि मात्सुओ?" तरुणाने विचारले.

या प्रश्नावर मालकीणबाईही वळल्या. युजी मात्सुओ हा त्या सात वर्षांच्या संघाचा मेंदू. तो मूळचा टोकियोचा, मेइजी विद्यापीठातून आलेला, म्हणजे बाहेरचाच. १९८५ च्या शेवटच्या सामन्यात पायाचे दुखणे घेऊन तो उतरला. कामाइशीने दोशिशा विद्यापीठाला ३१–१७ असे हरवले आणि त्याने खेळ थांबवला. आजोबा त्या दिवशी झेंडा घेऊन टोकियोत होते. त्यांनी शेवयांचा एक घास घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाले, "आला तेव्हा टोकियोचा होता. गेला तेव्हा नव्हता."

याला उत्तर नव्हते. पण तरुणही हार जाणारा नव्हता. तो म्हणाला, "संघ आणला कंपनीने, आणि भट्टी विझवली तीही कंपनीनेच. मग कुणाची पोरे आणि कुणाचा संघ?"

शेवटची झोतभट्टी १९८९ साली थांबली. कारखाना पुरता बंद झाला नाही, पण जो कारखाना गाव पोसत होता तो संपला. आजोबांचे वय तेव्हा पंचेचाळिशीचे. माणसे गेली, दुकाने गेली, आणि विजेतेपदे तर आधीच गेली होती. ती कोबेच्या पोलाद कारखान्याच्या संघाकडे गेली. त्यांनीही नेमकी सात वर्षेच राज्य केले. सातवे विजेतेपद त्यांनी १५ जानेवारी १९९५ ला मिळवले आणि दोनच दिवसांनी कोबेला तो भयंकर भूकंप झाला. कामाइशीचा संघ मात्र मोडला नाही. २००१ साली तो कंपनीचा न राहता गावाचा क्लब झाला, कामाइशी सीवेव्हज. गडी ठिकठिकाणी नोकऱ्या करून खेळू लागले. २००३ ते २०२१ पर्यंत देशात टॉप लीग चालली. तीत कामाइशीला एकदाही पाऊल टाकता आले नाही. एवढ्या वर्षांत दर हिवाळ्याच्या तोंडावर हाच प्रश्न: यंदा वर जाणार का? मला वाटते, उत्तर नेहमी 'हो' आले असते तर या खाणावळीत इतकी वर्षे कुणी बसले नसते.

आता तरुण थोडा गप्प झाला होता. मग भाच्याकडे पाहून बोलला. परक्याला सांगणे सोपे जात असावे. २०११ च्या मार्चमध्ये तो शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. भूकंप झाला, त्सुनामी आली. गावात हजारावर माणसे मेली किंवा सापडली नाहीत. त्या दिवसांत मदतीच्या मालाच्या मोटारी आल्या की माल उतरवायला सीवेव्हजचे गडी असत. त्यांत स्कॉट फार्डी हा ऑस्ट्रेलियन होता. त्याच्या वकिलातीने त्याला तिथून हलवायची तयारी दाखवली. तो गेला नाही, मंडळींबरोबर पोती वाहत राहिला. हाच फार्डी पुढे २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून खेळला.

"मी त्याच्या हातून तांदळाचं पोतं घेतलंय," तरुण म्हणाला. "बाहेरचा कोण, ते मला शिकवू नका."

आजोबांनी मान डोलावली आणि काड्या खाली ठेवल्या.

बाईंनी विषय बदलला असे मला आधी वाटले. त्या म्हणाल्या, "स्टेडियमच्या वेळी मी दोघांच्याही विरुद्ध होते." २०१९ चा विश्वचषक जपानात व्हायचा होता आणि कामाइशीने आपल्याकडे सामने मागितले होते. २०१५ साली ते मिळालेही. लोक अजून तात्पुरत्या खोल्यांत राहत होते. आमच्या डोक्यावर छप्पर नाही आणि चेंडू खेळायला मैदान? असे बोलणारे गावात पुष्कळ होते, बाई त्यांच्यापैकी. मैदान कुठे व्हायचे, तर उनोसुमाई भागात, जिथे प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन शाळा उभ्या होत्या त्याच जागी. त्या दिवशी मोठी मुले धाकट्यांचे हात धरून वर डोंगराकडे पळाली आणि वाचली. शाळा वाहून गेल्या.

बाई उनोसुमाईच्याच. त्यांच्या यजमानांची बोट गेली आणि यजमानही गेले. बोटीचा झेंडा वरच्या अंगाला बहिणीच्या घरी होता, तेवढा राहिला. प्रत्येक सामन्याला आजोबा तो मागून नेतात आणि रात्री घडी घालून आणून देतात.

"तुम्ही जात नाही?" मी भाच्यामार्फत विचारले.

"ती जागा मला पुरेशी माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि आमच्या वाडग्यांत न मागता सार वाढले.

खाणावळीत काही वेळ कुणी बोलले नाही. मग आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे उलटलेले पान फाडून घेतले आणि आकडे मांडले. त्यांचा अंदाज पाचवा क्रमांक. तरुणाचा तिसरा. बाईंनी आकडा सांगितला नाही, पण पैज काय हे त्यांनीच ठरवले: हरणाऱ्याने सगळ्यांच्या शेवयांचे पैसे द्यायचे. मग तिघांनी माझ्याकडे पाहिले. मला रग्बीतले काय कळते? पण पाहुण्याने हात आखडता घेऊ नये. मी तीन बोटे दाखवली. तरुण आनंदला आणि आजोबांनी भाच्याला जे सांगितले त्याचे भाषांतर करायला तो काही केल्या तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सानरिकू रेल्वेने उनोसुमाईला उतरून मैदान पाहिले. सहा हजार माणसांच्या बसण्याची लहानशी जागा, एका अंगाला डोंगर, दुसरीकडे खाडी. बरीच आसने देवदारी लाकडाची. २०१७ च्या वणव्यात होरपळलेल्या झाडांचे लाकूड त्यांना वापरले आहे. काही आसने टोकियोच्या मोडलेल्या जुन्या राष्ट्रीय स्टेडियममधून आणलेली आहेत. आजोबा १९८५ साली ज्या आसनांवर चढून ओरडले त्यांतलेच एखादे इथे येऊन बसले असेल तर नवल नाही. विश्वचषकाच्या वेळी तात्पुरती आसने जोडली होती. त्या २५ सप्टेंबरला इथे उरुग्वेने बलाढ्य फिजीला ३०–२७ असे हरवले. दुसरा सामना नामिबिया आणि कॅनडाचा. तो वादळामुळे रद्द झाला, तेव्हा कॅनडाचे गडी फावडी घेऊन गावातला चिखल उपसू लागले. आम्ही गेलो तेव्हा मैदानावर कुणी नव्हते. शाळकरी मुलांची एक सहल तेवढी आली होती आणि बाई त्यांना हात करून डोंगराची वाट दाखवीत होत्या.

हंगाम संपला. कामाइशी वर गेला नाही. खालीही गेला नाही. २०२४-२५ च्या हंगामालाही तो दुसऱ्याच श्रेणीत राहिला, आणि त्या श्रेणीत आता सहाच्या जागी आठ संघ झाले. २०२४ च्या शरदात भाचा कामाने तिकडून गेला, तेव्हा खाणावळीत डोकावला. आजोबा आणि तरुण समोरासमोर बसलेले होते. झेंड्याची कड वाऱ्याने उसवली होती आणि बाईंनी ती हातशिलाईने नीट करून ठेवली होती. आठ संघांत पाचवा म्हणजे गेल्या खेपेच्या पाचव्याहून चांगला की वाईट, यावर वाद चालू होता. पैजेचे पैसे मात्र कुणी दिले होते हे भाच्याला काही नीट कळले नाही. ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले.

निघताना बाईंनी त्याला थांबवले. म्हणाल्या, मामांचा आकडा राहिला आहे.

मी तिसराच कळवला.