ठिपक्याची साक्ष

बालमित्रांनो, आज एका ठिपक्याची गोष्ट सांगते. ठिपका म्हणजे अगदी एवढासा, खसखशीच्या दाण्याएवढा. पण त्याने मला, एका शिक्षिकेला, सगळ्या वर्गासमोर चूक कबूल करायला लावली!

झालं असं. माझ्या पाचवीच्या वर्गाची गणिताची सराव चाचणी होती. मुलं एकोणीस. शाळेतल्या लेझर प्रिंटरवर मी एकोणीस प्रती काढल्या आणि वाटल्या. एक प्रश्न होता : ‘२५ मीटर दोरीचे ५ समान तुकडे केले, तर एका तुकड्याची लांबी किती?’ अगदी सोपा. अठरा मुलांनी लिहिलं, ५ मीटर. एका मुलीने मात्र लिहिलं, अर्धा मीटर.

मी लाल पेनाने फुली मारली. ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“बाई, माझ्या पेपरात २.५ आहे.”

बघते तर खरंच, २ आणि ५ च्या मध्ये पायाशी एक काळं टिंब! मी शेजारच्या मुलाचा पेपर पाहिला. तिथे स्वच्छ २५. आणखी दोघांचे पाहिले. तिथेही २५. मग मी काय म्हणावं? “टिंब नंतर दिलंस ना पेनाने? चुकलं तर चुकलं म्हणावं. असं करू नये.”

वर्ग हसला. ती काही बोलली नाही. कागदाची घडी घालून जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि ती पुन्हा आली. हातात तोच पेपर आणि फूटपट्टी. “बाई, माझ्या पेपरात एक नाही, चार ठिपके आहेत. मोजून बघा.”

मी पट्टी लावली. कागदाच्या वरच्या कडेपासून पहिला ठिपका ३ सेंटीमीटरवर. दुसरा साडेदहावर, तिसरा अठरावर, चौथा साडेपंचवीसवर. तिसरा ठिपका तोच, २ आणि ५ च्या मधला. प्रत्येक दोन ठिपक्यांमधलं अंतर बरोबर साडेसात सेंटीमीटर! शिवाय चारही ठिपके डाव्या कडेपासून ९ सेंटीमीटरवर, एकाखाली एक, ओळंब्यात.

मग आम्ही सगळ्यांचे पेपर गोळा केले. ठिपके सगळ्यांवर होते! फक्त कुणाच्या पेपरात पहिला ठिपका ६ सेंटीमीटरवर, कुणाच्या दोनवर. बहुतेक ठिकाणी तो कोऱ्या जागेत किंवा एखाद्या अक्षराच्या काळ्या रेघेत लपला होता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. पण दोन ठिपक्यांमधलं अंतर? सगळीकडे साडेसात!

“बाई, सायकलचं चाक शेणावरून गेलं की रस्त्यावर असेच ठिपके पडत जातात,” मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला.

मुलांनो, या वाक्यात सगळं उत्तर आहे, बरं का! चाकाला एका जागी शेण लागलं की चाकाचा एक फेरा झाल्यावर तीच जागा पुन्हा जमिनीला टेकते. म्हणजे दोन डागांमधलं अंतर म्हणजे चाकाचा परिघ. आमच्या कागदावर ठिपके पाडणारंही असंच काहीतरी होतं. गोल फिरणारं, आणि साडेसात सेंटीमीटर परिघाचं.

चला तर मग, प्रिंटरच्या पोटात डोकावू या.

लेझर प्रिंटरच्या आत बरंच काही फिरत असतं. त्यातला मुख्य असतो ड्रम. ड्रम म्हणजे ढोल नव्हे हं! लाटण्यासारखी एक गुळगुळीत नळी, वर प्रकाशाला संवेदनशील असा पातळ थर दिलेली. आधी एक रोलर या ड्रमवर सगळीकडे सारखा विद्युतभार पसरतो. मग त्यावर लेझरचा किरण अक्षरं लिहितो. किरण जिथे पडतो तिथला भार निघून जातो आणि तेवढ्याच जागी काळी पूड चिकटते. या पुडीला टोनर म्हणतात. ती शाई नसते, बारीक दळलेलं रंगीत प्लॅस्टिक असतं. पुढे ती पूड कागदावर उतरते आणि तापलेल्या रोलरखालून जाताना वितळून पक्की बसते. प्रिंटरमधून निघालेला कागद कोमट का लागतो, ते आता कळलं ना?

ड्रमवर उरलेली पूड खरवडून काढली जाते, पुन्हा भार दिला जातो, पुन्हा लिखाण सुरू. पाटी पुसावी आणि पुन्हा लिहावी, तसं. कागद लांब आणि ड्रम छोटा, त्यामुळे एका पानासाठी ड्रमला जवळजवळ चार फेरे मारावे लागतात.

पण लेझरचा किरण आडवी ओळ कशी लिहितो? लेझर तर जागचा हलत नाही! हलतो तो आरसा. चार किंवा सहा बाजूंचा एक छोटा आरसा भोवऱ्यासारखा गरगरतो. एक बाजू किरणासमोरून गेली की ड्रमवर एक बारीक आडवी रेषा उमटते. आता हिशेब करू. एका इंचात अशा ६०० रेषा असतील, तर ए-फोर कागदाच्या २९७ मिलिमीटर लांबीत सुमारे ७,००० रेषा होतात. आरसा सहा बाजूंचा असला, तर एका पानासाठी त्याचे जवळजवळ १,१७० फेरे! आणि पान चार सेकंदांत छापायचं असेल तर मिनिटाला सतरा हजारांहून जास्त! भोवरा लाजेल की नाही?

आता खरी गंमत. ड्रमची मोटर वेगळी, आरशाची वेगळी. तरी दोघांचा ताल चुकून चालत नाही. आरसा त्याच वेगात राहिला आणि ड्रम मंदावला, तर रेषा एकमेकींना खेटतील आणि गोल चेंडू चपटा दिसेल. मग ताल धरतं कोण? कागदाच्या हद्दीबाहेर प्रकाश ओळखणारा एक छोटा संवेदक बसवलेला असतो. प्रत्येक रेषेच्या आधी किरण त्याच्यावरून जातो आणि प्रिंटरला खूण मिळते, ‘नवी रेषा सुरू होतेय!’ लेझीम खेळताना हलगीचा ठोका असतो ना, अगदी तसं. ही खूण वेळेवर आली नाही, तर प्रिंटर काम थांबवून दोष दाखवतो. कागदाच्या वाटेवरही छोट्या दांड्या असतात. कागद आला की दांडी उचलली जाते. ठरलेल्या वेळात ती हलली नाही, की ‘कागद अडकला’!

ड्रम आणि बहुतेक रोलर मात्र दातेरी चाकांनी जोडलेले असतात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. म्हणूनच आमचे ठिपके इतके नेमके पडले होते. पण कागद आत शिरतो तेव्हा ड्रमची कुठली बाजू समोर असेल, ते ठरलेलं नसतं. म्हणून प्रत्येक पेपरात पहिला ठिपका वेगळ्या उंचीवर होता.

ही विद्या निघाली कुठून, तेही ऐका. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी पूड चिकटवून पहिली नक्कल काढली. तेव्हा ड्रम नव्हता. गंधकाचा थर दिलेली जस्ताची सपाट पट्टी होती, आणि विद्युतभार द्यायला ती रुमालाने घासली होती! १९५९ मध्ये झेरॉक्स कंपनीचं ‘९१४’ हे यंत्र आलं, त्यात फिरता ड्रम होता. आपण अजूनही ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतो, ते त्याच कंपनीचं नाव. पुढे त्याच कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६९ च्या सुमारास ड्रमवर लेझरने लिहिण्याचा प्रयत्न सुरू केला. वरिष्ठांना ती कल्पना पसंत नव्हती. पण ते मागे हटले नाहीत, आणि १९७७ मध्ये कंपनीचा ‘९७००’ हा लेझर प्रिंटर बाजारात आला. मिनिटाला १२० पानं छापायचा!

आता आमच्या ठिपक्याकडे वळू. तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी ड्रम बाहेर काढून दाखवला. त्याच्या थराचा एका जागी टवका उडाला होता, सुईच्या टोकाएवढा. तिथे विद्युतभार टिकेना, म्हणून प्रत्येक फेऱ्याला पूड चिकटे. काकांना मी ड्रमचा व्यास विचारला. ते म्हणाले, २४ मिलिमीटर. मुलीने फळ्यावर गुणाकार केला : २४ गुणिले २२ भागिले ७. उत्तर साधारण ७५ मिलिमीटर, म्हणजेच साडेसात सेंटीमीटर!

टाळ्या वाजल्या. मी तिच्या पेपरावरची फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले, कारण २.५ चे पाच भाग केले तर उत्तर अर्धाच येतं. मग वर्गासमोर म्हटलं, “चूक माझी होती. न मोजता मी तुला खोटं ठरवलं.” ती एवढंच म्हणाली, “बाई, आता नवीन ड्रम बसवला का?”

मुलांनो, प्रिंटर स्वतः उघडू नका हं. आतला रोलर चटका बसण्याइतका तापलेला असतो आणि उजेडाने ड्रम खराब होतो. त्याऐवजी औषधाची गोल रिकामी बाटली घ्या. तिच्यावर शाईचा ठिपका द्या आणि वर्तमानपत्रावरून लगेच सरळ लोटा. ठिपक्यांमधलं अंतर मोजा. मग बाटलीला दोरा गुंडाळून तोही मोजा. दोन्ही सारखे येतात का, बघा.

आणि हे एक कोडं. एका कागदावर दर ४४ मिलिमीटरवर ठिपका पडतोय. ठिपका पाडणाऱ्या रोलरचा व्यास किती?

(उत्तर : १४ मिलिमीटर. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो सेल साधारण तेवढाच जाड असतो. लोटून बघा!)